जंगलाची हद्द वैशाख ठरवतो

महाराष्ट्रात वृक्षरेषा नाही. डोंगर चढत जावे, झाडे खुजी होत जावीत आणि एका उंचीनंतर झाड संपून फक्त गवत, खडक आणि बर्फ उरावा, असे आपल्या राज्यात कुठेच घडत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, विदर्भातले वैराट १,१७८ मीटर आणि नागपूर शहर तर जेमतेम ३१० मीटरवर. आपल्या अक्षांशावर थंडीने झाड अडायचे तर कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंची लागेल. हॅरी चॅम्पियन आणि एस. के. सेठ यांनी १९६८ मध्ये भारतीय वनांचे १६ गट पाडले. त्यांतले शेवटचे तीन, बर्फाच्या शेजारचे, हिमालयाच्या वाट्याला गेले. पेंच, उमरेड, ताडोबा, नवेगाव या परिसरातले जंगल पाचव्या गटात येते: उष्ण प्रदेशातले, कोरडे, पानगळीचे.

तरीही वृक्षरेषेचा अभ्यास नागपूरकराने जरूर वाचावा. त्यामागचा मूळ प्रश्न असा की जगणे जेमतेम शक्य असते त्या हद्दीवर झाड कसे जगते? युरोपात ही हद्द थंडीची असते, विदर्भात ती पाण्याची आहे. पण दोन्हीकडे झाडाने काढलेल्या वाटा शेजारी ठेवून पाहिल्या, की उन्हाळ्यातल्या आपल्या उघड्याबोडक्या टेकड्यांबद्दलचे बरेच गैरसमज गळून पडतात.

आधी बीचकडे पाहू. बीच हा युरोपातल्या समशीतोष्ण जंगलांतला प्रमुख पानगळी वृक्ष. आल्प्समध्ये वरची रेषा बहुतेक ठिकाणी सूचिपर्णी झाडांची असते. इटलीच्या अपेनाइन पर्वतात मात्र हे स्थान बीचने घेतले आहे. तिथे सुमारे १,७०० ते १,९०० मीटरवर जंगलाची वरची कड बीचचीच असते. दक्षिण गोलार्धात त्याचे नातलग, दक्षिणी बीच, हेच काम करतात, पण प्रत्येक जण आपल्या पद्धतीने. पटागोनियातला 'लेंगा' उतारावर खाली उंच वृक्ष असतो. वर जाता जाता त्याची उंची घटते आणि शेवटच्या पट्ट्यात तो कंबरभर, वाकडातिकडा, जवळपास जमिनीला टेकलेला होतो. न्यूझीलंडचा माउंटन बीच सदाहरित. तो तसा खुजा होत जात नाही. जंगल उभे असते आणि एका रेषेवर अचानक संपते, पुढे थेट गवत.

झाडे तिथेच का थांबतात? स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठाचे क्रिस्टियन कोर्नर यांनी जगभरच्या वृक्षरेषांवरची मोजमापे एकत्र केली, तेव्हा एक साधा आकडा हाती आला: वाढीच्या हंगामातले सरासरी तापमान साधारण ६ अंश सेल्सिअस. विषुववृत्ताजवळ हे तापमान ४,००० मीटरवर मिळते, उत्तरेकडे काहीशे मीटरवर. झाडाची जात कोणतीही असो, रेषा याच्याच आसपास पडते.

याहून महत्त्वाची गोष्ट त्यामागच्या कारणाची. पूर्वी समज होता की इतक्या थंडीत पाने पुरेसे अन्न तयार करू शकत नाहीत, म्हणून झाड उपाशी मरते. प्रत्यक्षात वृक्षरेषेवरच्या झाडांचे लाकूड तपासले तर त्यात साखर आणि पिष्ट भरपूर सापडते. कोठार भरलेले असते, पण गवंडी कामावर येत नाहीत. साधारण ५ अंशांच्या खाली पाने थोडेफार अन्न बनवत राहतात, मात्र नव्या पेशी तयार होणे आणि त्यांचे लाकूड होणे जवळपास थांबते. लेंगा जमिनीला का टेकतो, याचे उत्तरही यातच आहे. उंच झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, त्याला हवेचेच तापमान मिळते. जमिनीलगतचा दाट झुडूपवजा आकार दिवसा उन्हाने तापतो आणि ती ऊब धरून ठेवतो. चार-पाच अंशांचा तो फरक जगण्यास पुरतो.

बीचची दुसरी खुबी त्याच्या कळीत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये चार दिवस ऊब आली तरी बीच फसत नाही. दिवस पुरेसा मोठा झाल्याखेरीज त्याची कळी सहसा उघडत नाही, कारण कोवळ्या पालवीवर दव गोठले तर ती काळी पडते. इतकी सावधगिरी बाळगूनही कधी घात होतोच. एप्रिल २०१६ च्या अखेरीस अपेनाइनमध्ये उशिराची कडाक्याची थंडी पडली आणि उतारावरच्या बीचची नुकती फुटलेली पाने मोठ्या पट्ट्यावर करपली. झाडे मेली नाहीत. खोडामुळांतला साठा वापरून त्यांनी त्याच उन्हाळ्यात पुन्हा पालवी आणली. अशा जागी वाढ संथ असते, आणि संथ वाढणारी झाडे दीर्घायुषी ठरतात. दक्षिण इटलीत पोलिनो पर्वताच्या उंच भागात ६०० वर्षांहून अधिक वयाचे बीच उभे आहेत.

हद्द सरकतेही. स्पेनच्या कातालोनियातल्या मोन्तसेनी पर्वतात होसेप पेन्युएलास आणि मार्ती बोआदा यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की १९४५ नंतर बीचचे जंगल वरच्या टोकाला सुमारे ७० मीटर चढले. त्याच काळात खालच्या बाजूला, जिथे त्याला उष्णता आणि कोरड सोसेना, तिथे सदाहरित ओकने त्याची जागा घेतली. म्हणजे बीचला दोन हद्दी आहेत, वर थंडीची आणि खाली तहानेची. २०१८ च्या दुष्काळात मध्य युरोपातले बीच जागोजागी वाळले ते या खालच्या हद्दीवर. आपल्याला जास्त शिकवण्यासारखे आहे ते इथेच.

भारतात बीच नाही. आपली थंडीची रेषा हिमालयात आहे आणि तिच्यावरचा रुंद पानांचा मानकरी म्हणजे भूर्ज, भोजपत्राचे झाड. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना भोजबासा ठाऊक असते. ३,५०० मीटरच्या वर भूर्जाची खोडे बर्फाच्या भाराने उताराकडे वाकलेली दिसतात आणि त्यांच्या शेजारी बुऱ्हांसाच्या झुडूपवजा जाती जमिनीसरपट पसरतात. अशा ठिकाणी थंडीचेच राज्य असणार, असे कोणीही म्हणेल. पण नेपाळमधल्या लांगटांग खोऱ्यासारख्या ठिकाणी भूर्जाच्या वाढवलयांचा अभ्यास झाला, तेव्हा वेगळेच दिसले. ज्या वर्षी मार्च ते मे कोरडे गेले, त्या वर्षीचे वलय बारीक. थंडीने हद्द आखली खरी, पण त्या हद्दीवर झाड किती वाढणार हे पावसाळ्याआधीच्या तहानेने ठरवले.

मला या विषयातला सर्वांत मोलाचा धागा हाच वाटतो. चार हजार मीटरवरच्या भूर्जाचे आणि तीनशे मीटरवरच्या सागाचे दैव चैत्र-वैशाखाच्या हाती आहे.

थंडीची रेषा मात्र मध्य भारतात अगदीच नाही असे म्हणता येत नाही. ती उलटी आहे. नागपूरहून पाच-सहा तासांच्या अंतरावर कान्हा. तिथले सालवन उतारांवर उभे आहे आणि खोलगट सपाटीवर गवताची मैदाने आहेत. यातली बरीच मैदाने जुन्या शेतीची आणि उठलेल्या गावांची. पण झाडे तिथे सहजी परत का येत नाहीत, याचे एक कारण डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींत आहे. गार हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खाली साठते. पहाटे मैदानातले गवत गोठलेल्या दवाने पांढरे होते, तर शंभर-दीडशे पावले वर साल कोरडा असतो. मैदानात उगवलेले सालाचे रोप शेंड्याकडून करपते, मुळातून पुन्हा फुटते, पुन्हा करपते. न्यूझीलंडच्या बीच जंगलांतही दऱ्यांच्या तळाशी अशाच उलट्या वृक्षरेषा आहेत: वर जंगल, खाली गवत.

निलगिरीच्या शोला जंगलांतही दवाचाच खेळ आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की गवताळ भागातल्या गोठणाऱ्या रात्री शोलातल्या झाडांची रोपे टिकू देत नाहीत. बाहेरून आणलेली झाडे आणि वाढते तापमान मात्र हा तोल बिघडवू शकतात. नागपुरातही २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. सागाला दव गोठण्याचा त्रास होतो हे जुन्या वनाधिकाऱ्यांना चांगले माहीत होते. खोलगट जागी सागाची लागवड करू नये हा संकेत त्यातूनच आला.

आता आपल्या जंगलाकडे. नागपूरला वर्षाकाठी साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे युरोपातल्या अनेक बीच जंगलांपेक्षा जास्तच. पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडाने जमिनीतल्या ओलीवर काढायचे. ओल किती टिकणार हे मातीच्या खोलीवर अवलंबून. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेला काळी माती आणि मुरूम, पूर्वेला आणि उत्तरेला जुने ग्रॅनाइटसारखे खडक. इथली वृक्षरेषा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर मोजता येत नाही, ती खडकावर माती किती आहे यावर मोजावी लागते. ओढ्याकाठच्या खोल गाळात अर्जुन, जांभूळ, करंज जवळपास वर्षभर हिरवे. निचऱ्याच्या मध्यम खोल मातीत साग, ऐन, बिजा, हलदू. वर चढावे, माती पातळ व्हावी आणि धावडा, लेंडिया, तेंदू लागावेत. अगदी माथ्यावर, जिथे मूठभर माती आणि बाकी खडक, तिथे सालई, मोई आणि कुलू. अपेनाइनमध्ये दीड हजार मीटरचा चढ जे दाखवतो, ते पेंचमधली एक टेकडी शंभर मीटरांत दाखवते.

यांतल्या प्रत्येक झाडाने कोरडीवर स्वतःचा उपाय काढला आहे. साग फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकतो. हातभर लांबीचे, कागदासारखे कोरडे पान पडते तेव्हा त्याचा आवाज चांगला दहा-वीस पावलांवर ऐकू येतो. मग तो तीन-चार महिने उघडा राहतो आणि पावसाच्या तोंडावर पालवतो. ते कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो, हे जंगलालगतच्या गावांतल्या पोरांना सांगावे लागत नाही. ऐनाचे खोड पाणी साठवते. काही ऐनांच्या खोडावरचा फुगवटा छेदला तर पाण्याची धार लागते. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची आणि जाड, वणव्याची झळ आत पोचू न देणारी.

कुलूची तऱ्हा सर्वांत वेगळी. इंग्रजीत त्याला भुताचे झाड म्हणतात आणि पेंचचे वाटाडे पर्यटकांना ते हमखास दाखवतात. त्याची गुलाबीसर पांढरी साल कागदासारखी सोलवटते. नखाने पापुद्रा थोडा खरवडला की खाली हिरवा थर दिसतो. पाने नसतात तेव्हा हा थर उन्हातून थोडे अन्न बनवतो. पांढरी साल ऊन परतवते आणि मऊ लाकूड पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात पानाचा मागमूस नसलेले हे झाड त्याच साठ्यावर फुलते. जगणे थांबवून नव्हे, खर्च कमी करून ते उन्हाळा काढते.

बनारस हिंदू विद्यापीठातल्या सी. पी. कुशवाहा आणि के. पी. सिंह यांनी विंध्य पठारावरच्या अशाच जंगलात पानगळीची नोंद ठेवली. काही जाती जेमतेम काही आठवडे निष्पर्ण राहतात, तर काही सुमारे सात महिने. घट्ट लाकडाची झाडे उशिरा आणि थोडा काळ उघडी पडतात. पाणी साठवणारी हलक्या लाकडाची झाडे, जशी सालई आणि मोई, लवकर पाने टाकतात आणि जास्त काळ थांबतात. एकाच टेकडीवर, एकाच उन्हात, इतक्या वेगवेगळ्या चाली.

आणि मग कुसुम, पिंपळ यांच्यासारखी झाडे, जी ऐन चैत्रात, पावसाला दोन-अडीच महिने बाकी असताना, लालबुंद पालवी आणतात. कोरड्या हंगामात नवी पाने कशासाठी? स्टीफन एलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोर्शर्ट यांनी २००६ मध्ये या कोड्याचा आढावा घेतला. त्यांच्या मते आशियातल्या मोसमी जंगलांत पालवीची खूण पावसाकडून येत नाही, वाढत्या दिवसाकडून येते. मुळांना खोल ओल सापडली की पाऊस येण्याआधीच पान तयार असते आणि पहिल्या सरीपासून कमाई सुरू होते. नागपुरात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत अडीच तासांचा फरक, तरी तो या झाडांना पुरतो. बीच दिवस मोजतो तो दवापासून वाचण्यासाठी, कुसुम मोजतो तो पावसाच्या आधी हजर राहण्यासाठी.

मे महिन्यात पान नसण्याचा आणखी एक फायदा अलीकडे स्पष्ट झाला. २०२३ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पानातली अन्न बनवणारी यंत्रणा सरासरी ४६.७ अंशांच्या आसपास बिघडू लागते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात हवेचेच तापमान ४७.९ अंश होते, आणि उन्हातले तहानलेले पान हवेपेक्षाही तापते. सागाने तोवर आपली पाने जमिनीवर टाकलेली असतात.

आता आगीकडे. इथे मात्र बीच आणि साग यांचे मार्ग उलटे जातात. वृक्षरेषेवर जमिनीलगत राहण्यात सुरक्षितता आहे. विदर्भात जमिनीलगतच सर्वाधिक धोका, कारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ हा वणव्यांचा. सागाचे रोप जळते, पण त्याचे गाजरासारखे जाड मूळ जिवंत राहते आणि पावसात नवा फुटवा येतो. पुढच्या वर्षी पुन्हा वणवा. वर्षानुवर्षे असे चालले की मूळ जाड होत जाते आणि एखादे वर्ष आगीविना गेले की फुटवा एकदम ज्वाळांच्या वर निसटतो. जंगलात गुडघाभर दिसणारा सागाचा फुटवा म्हणूनच कधी कधी दहा-बारा वर्षांचा असतो. पळसही मुळांतून फुटून तग धरतो. पण दरवर्षी न चुकता आग लागली तर ही निसटण्याची संधीच उरत नाही. मोहफुले वेचताना पाला आड येऊ नये म्हणून, तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणून लावलेली काडी पुढे किती एकर जाते, हे विदर्भातल्या प्रत्येक वनरक्षकाला माहीत आहे. ही माणसे उपजीविकेसाठी ते करतात, त्यांना दोष देऊन भागणार नाही. झाडाखालचा पाला झाडून घेण्याची किंवा जाळी अंथरण्याची सोय त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे.

उंचावरच्या जंगलांबद्दल थोडक्यात. चिखलदऱ्याला, सुमारे १,१०० मीटरवर, गारवा इतका की तिथे कॉफी होते, आणि सागाची ऐट खालच्या मेळघाटासारखी राहत नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावर अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे सदाहरित जंगल आहे. खालच्या दऱ्यांतल्या मानाने ते खुजे, शेवाळाने मढलेले, दाट. पाहणाऱ्याला लेंगाची आठवण व्हावी असे. पण पाऊस ६,००० मिलिमीटरच्या घरात असूनही ते खुजे राहते ते थंडीने नव्हे. जांभ्यावरची पातळ माती, वारा आणि पाऊस सरल्यावरचे सात-आठ कोरडे महिने यांनी. तिथेही सत्ता वैशाखाचीच.

झाडे हे सगळे लिहून ठेवतात, आणि ते वाचण्याचे काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत झाले आहे. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांत वलये नीट उमटत नाहीत, सागात उमटतात. दर पावसाळ्यात आधी मोठ्या छिद्रांचे लाकूड, मग बारीक छिद्रांचे. जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८० च्या दशकात ठाण्याच्या सागापासून सुरुवात केली. पुढे मध्य भारतातल्या सागाची वलये पाऊस आणि जमिनीतली ओल यांच्याशी जोडून पाहिली गेली. केरळातल्या सागावरून बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी ५२३ वर्षांची मालिका उभी केली, आणि एल निनोशी जोडलेले दुष्काळ तिच्यात बारीक वलयांच्या रूपाने सापडले. आलापल्लीसारख्या ठिकाणचे जुने साग म्हणूनच नुसते इमारती लाकूड नाही, ती पावसाची नोंदवही आहे.

एवढे पाहिल्यावर एका गोष्टीवर ठाम बोलायला हवे. भारतीय वन सर्वेक्षण जंगल मोजते ते छत्राच्या घनतेवर. ७० टक्क्यांच्या वर अतिदाट, ४० ते ७० मध्यम दाट, १० ते ४० विरळ आणि १० च्या खाली झुडुपी. उपग्रहाची चित्रे मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमधली घेतात, पाने असताना, हे योग्यच. पण खडकावरची सालई-कुलूची टेकडी ऑक्टोबरमध्येही विरळच भरणार, कारण तिथे माती तेवढीच आहे. कागदावर ती 'अवनत' ठरते आणि मग तिथे चर खणून, खड्डे घेऊन दाट लागवडीचे बेत होतात. अपेनाइनच्या माथ्यावरच्या खुज्या बीचला कोणी बिघडलेले जंगल म्हणत नाही. ती त्या जागेची पूर्ण वाढ आहे हे तिथल्या वनखात्याला कळते. आपल्या टेकड्यांनाही तोच न्याय हवा.

महाराष्ट्राच्या वनखात्याचे मुख्यालय नागपुरात आहे. वनविकास महामंडळाचेही नागपुरात. मातीची खोली मोजून नकाशे करणारे राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोही अमरावती रस्त्यावर. तिघांनी मिळून विदर्भातल्या उथळ मातीच्या टेकड्यांची यादी करावी, तिथे आज सालई, मोई, कुलू, धावडा उभे आहेत का ते पाहावे, आणि असतील तर त्या टेकड्या लागवडीच्या आराखड्यातून वगळून फक्त वणवा आणि घाव यांपासून राखाव्यात. त्या टेकड्यांवर रोपे लावण्याचा खर्च जाळरेषांवर आणि वनरक्षकांवर करावा.